काट्यावाटे शिरणारे मातीतील जंतू

वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की काळ्या रानातून जो वास दरवळतो, त्यास लोक मातीचा वास म्हणतात. वस्तुतः तो वास मातीत राहणाऱ्या अतिसूक्ष्म जंतूंचा होय. स्ट्रेप्टोमायसीस या नावाने ओळखले जाणारे हे जंतू बुरशीप्रमाणे धाग्याधाग्यांनी वाढतात. परंतु शास्त्रज्ञांनी त्यांची गणना जिवाणूंच्या वर्गात केली आहे. उकिरड्यातील काडीकचरा कुजवून त्याचे खत बनविण्याच्या कामी त्यांचा मोठा वाटा असतो. १९४३ साली अमेरिकेत मातीतील अशाच एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोगावरील औषध हाती आले आणि या कार्याबद्दल सेल्मन वाक्समन यांस १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातील शास्त्रज्ञांनी तर मातीतील एका जंतूपासून हमायसीन नावाचे बुरशीनाशक औषध शोधून काढले व त्या जंतूस स्ट्रेप्टोमायसीस पिंपरीना असे नाव दिले. मराठी मुलखातील एका गावाचे नाव अशा रीतीने जंतुशास्त्राच्या पोथीत कायमचे जाऊन बसले.

शेतकऱ्याच्या उपकारकर्त्यांचे हे जे कूळ आहे, त्याच कुळात काही भाऊबंद असेही आहेत की जे काट्याबरोबर तळव्यात शिरतात, तेथे वर्षानुवर्षे ठाण मांडतात आणि आतल्या आत पाऊल पोखरून काढतात. त्यांची ओळख शेतकरी बंधूंस व गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे. या जंतूंपासून होणारा रोग वेळीच ओळखला गेल्यास गोळ्या व इंजेक्शने यांनी बहुधा बरा होतो. उशीर झाल्यास मात्र पाय कापून टाकण्याची पाळी येते.

जालन्याचे रान आणि शेतकऱ्याचा पाय

जालना जिल्ह्यात पायास टोचणाऱ्या वस्तूंची उणीव वर्षाच्या कोणत्याही महिन्यात भासत नाही. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन कापले जाते आणि विळ्याने तिरपी कापलेली बुडखे रानभर उभी राहतात. पुढे तूर निघते, तिचे खुंट राहतात. पऱ्हाटी उपटून बांधावर रचताना तिच्या वाळल्या बोंडांची टोके हातापायांस ओरबाडतात. शाळू काढल्यावर धसकटे राहतात, आणि धसकट तळव्यात शिरले म्हणजे काय होते हे मराठवाड्यातील शेतकऱ्यास सांगावयास नको. बांधावर बाभूळ, बोर व हिंगणबेट. दुधना व कुंडलिका यांच्या पात्रांच्या कडेने वेडी बाभूळ माजलेली. कुंपण म्हणून बोरीबाभळीच्या फांद्या आणून टाकण्याची चाल जुनीच आहे.

मोसंबीच्या बागाइतदारास तर काटा घरचाच. जालना जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्ध असून अंबड, घनसावंगी, बदनापूर या भागांत तिच्या बागा आहेत. मोसंबीचे कलम जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेले असते. खुंटावरून जे फुटवे येतात ते काटेरी असतात व ते वेळोवेळी काढावे लागतात. काढलेले फुटवे व छाटलेल्या फांद्या आळ्यातच पडून राहतात, ओलाव्याने कुजू लागतात, आणि त्याच आळ्यात पाणी धरण्यासाठी माणूस उघड्या पायांनी उतरतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील पुष्कळ बागा वाळून गेल्या. वाळलेली झाडे तोडून त्यांचे सरपण डोक्यावरून व खांद्यावरून घरी वाहून आणणाऱ्या माणसांच्या मानेस आणि पाठीसही तेच काटे लागले असतील. पुढे सांगावयाचा रोग पायाखालोखाल पाठ, मान व हात या जागी होतो, त्याचे कारण अशा ओझ्यांतच आहे.

शेतात अनवाणी जाऊ नये असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु पावसाळ्यात काळ्या जमिनीत चप्पल घालून चालून पाहिल्याखेरीज तो करू नये. चार पावले टाकताच चिखलाचे लगदे तळास चिकटून चप्पल पायापेक्षा जड होते आणि पट्टा तुटतो. शेतकरी चप्पल बांधावर काढून ठेवतो तो हलगर्जीपणाने नव्हे. तेव्हा पादत्राणे वापरण्याचा आग्रह धरावा तो प्रामुख्याने कोरड्या रानासाठी, कापणीनंतरच्या धसकटांच्या दिवसांसाठी, बागेतील छाटणीसाठी व कुंपणाच्या कामासाठी. या कामांत जाड तळाचा बूट घालण्यास कोणतीच अडचण नसते. पाणी भरताना गुडघ्याएवढे रबरी बूट उपयोगी पडतात. चिखलात अनवाणी उतरणे भागच पडले तर काम संपल्यावर साबण लावून पाय धुणे आणि उजेडात तळवे पाहणे एवढे तरी व्हावयास हवे.

तळव्यात काय घडते

काटा मोडतो तेव्हा त्याच्या टोकाबरोबर मातीचे कण आत जातात. त्या कणांवर नोकार्डिया किंवा ॲक्टिनोमाड्युरा या जातींचे जंतू असू शकतात. एरवी कुजक्या पाल्यापाचोळ्यावर आपला निर्वाह करणारे हे जंतू माणसाच्या शोधात नसतात. त्वचा धड असेल तोवर त्यांस आत येता येत नाही, आणि आत आलेच तरी निरोगी शरीर बहुतेक वेळा त्यांचा बंदोबस्त करते. आयुष्यभर काटे मोडून घेतलेल्या शेकडो माणसांतून एखाद्यासच हा रोग होतो, तो याच कारणाने. अशा जंतूंना वैद्यकात संधिसाधू जंतू म्हणतात. ते संधी मिळाली तरच रोग करतात, आणि काट्याने पाडलेले छिद्र ही त्यांची संधी असते.

काटा मोडल्याची गोष्ट माणूस विसरूनही जातो. काही महिन्यांनी, कधी वर्षाने, त्याच जागी एक टणक गाठ हातास लागते. ती दुखत नाही. या रोगाची सर्वांत घातक गोष्ट हीच होय. दुखणारा पाय माणूस लगेच दाखवतो. न दुखणारी गाठ ‘कुरूप असेल’ म्हणून राहते. गाठ वाढते, तिच्याभोवती आणखी गाठी उठतात, पाऊल सुजून बेढब दिसू लागते. पण रोगी चालत असतो, नांगर धरत असतो, आठवड्याच्या बाजारास जात असतो. कारण स्नायूंच्या दोऱ्या व नसा यांना हा रोग पुष्कळ काळपर्यंत धक्का लावत नाही. मग गाठींस तोंडे फुटतात. एक तोंड मिटते, शेजारी दुसरे फुटते. त्यांतून पू किंवा रक्तमिश्रित पाणी येते आणि त्या स्रावात बारीक दाणे दिसतात. कधी ते रव्याच्या कणासारखे पांढरट किंवा पिवळट, कधी तांबडे, तर कधी काळे असतात. हा प्रत्येक दाणा म्हणजे जंतूंची एक वसाहत असते.

फुगलेले पाऊल, वाहणारी अनेक छिद्रे आणि स्रावातील दाणे, ही तीन चिन्हे एकत्र आली म्हणजे रोगाविषयी शंका राहत नाही. परंतु तेथवर पोहोचेपर्यंत जंतू हाडात उतरलेले असण्याचा संभव असतो. म्हणून कार्यकर्त्याने तीन चिन्हांची वाट पाहू नये. काटा मोडलेल्या जागी महिना उलटूनही न विरघळलेली टणक गाठ, एवढे एकच चिन्ह रोग्यास दवाखान्यात पाठवण्यास पुरेसे समजावे. सुजलेले पाऊल पाहून गावात हत्तीरोगाचे निदान करण्याची सवय आहे. हत्तीरोगात सूज बहुधा घोट्याच्या वर पसरत जाते व तिच्यातून दाणे येत नाहीत, हा फरक ध्यानात असावा.

या रोगास इंग्रजी अमदानीत ‘मदुरा पाय’ असे नाव पडले, कारण तमिळ मुलखातील मदुरा येथील डॉक्टर गिल यांनी १८४२ साली त्याचे वर्णन केले होते. त्याचे खरे मूळ शोधण्याचे काम मात्र मुंबईत झाले.

मुंबईतील डॉक्टर कार्टर

हेन्री व्हँडाइक कार्टर हे १८५८ साली मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय खात्यात दाखल झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये ग्रे यांचा शरीररचनेवरील सुप्रसिद्ध ग्रंथ छापला गेला. त्यातील चित्रे याच कार्टर यांनी काढलेली होती. मुंबईस ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत असत व पुढे काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. त्या काळी या रोगावर पाय कापण्याखेरीज दुसरा इलाज नव्हता. कार्टर यांनी रोगग्रस्त पाय बारकाईने तपासले, त्यांतील दाणे सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले, त्यांची चित्रे काढली, आणि काळ्या दाण्यांच्या आत बुरशीचे धागे आहेत असे १८६० च्या सुमारास प्रतिपादन केले. मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव त्यांनीच रूढ केले. १८७४ साली त्यांचा या विषयावरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

एका ठिकाणी मात्र कोडे राहिले. काळ्या दाण्यांत बुरशी स्पष्ट दिसे. फिकट दाण्यांत तशी जाड धाग्यांची बुरशी सापडत नसे. रोग तर बाहेरून एकच दिसत होता. १८९४ साली व्हिन्सेंट या फ्रेंच शास्त्रज्ञाने फिकट दाण्यांच्या रोगातील जंतू वेगळा करून वाढविला आणि हळूहळू हे स्पष्ट झाले की एकाच रूपाचे हे दोन निरनिराळे रोग आहेत. काळे दाणे बुरशीचे असतात. पांढरट, पिवळट व तांबडे दाणे बहुतांशी वर सांगितलेल्या मातीतील जिवाणूंचे असतात, जरी काही बुरश्यांचेही दाणे पांढरे असतात.

हा भेद पंडितांच्या वादाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. बुरशीवरील औषध जिवाणूंस लागू पडत नाही आणि जिवाणूंवरील औषध बुरशीस. चुकीचे औषध सहा महिने घेतले म्हणजे पैसा व वेळ जातोच, शिवाय रोग तेवढ्या अवधीत हाडापर्यंत जातो. रोग्याच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट अशी की, जिवाणूंमुळे होणारा प्रकार औषधास अधिक चांगली दाद देतो. को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या आणि त्यांच्या जोडीस अमिकासिनची इंजेक्शने हा आजचा नित्याचा उपचार आहे. गोळ्या स्वस्त असून त्या सरकारी दवाखान्यांतून मिळतात. इंजेक्शनांचा परिणाम मूत्रपिंडावर व ऐकण्याच्या शक्तीवर होऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासून, ठरावीक दिवसच घ्यावयाची असतात. बुरशीच्या प्रकारास इट्राकोनाझोलसारखी औषधे दीर्घ काळ द्यावी लागतात व बरेचदा शस्त्रक्रियाही करावी लागते.

नोकार्डिया या जंतूचे नाव ज्यांच्यावरून पडले ते एडमंड नोकार हे गुरांचे डॉक्टर होते, आणि १८८८ साली त्यांना तो जंतू आजारी गुरांतच सापडला होता. दुभत्या जनावरांच्या कासेसही हे जंतू क्वचित धरतात; सडात औषध सोडताना सड आणि नळी स्वच्छ नसल्यास बाहेरची माती आत जाते. मनुष्याच्या तळव्यात काटा जे काम करतो, तेच काम येथे अस्वच्छ नळी करते.

शरीर दुबळे असेल तर

जगाच्या नकाशावर हा रोग विषुववृत्ताच्या दक्षिणेस १५ अंशांपासून उत्तरेस ३० अंशांपर्यंतच्या पट्ट्यात मुख्यत्वे आढळतो. सुदान, सोमालिया, सेनेगल, मेक्सिको व भारत हे त्यातील प्रमुख देश. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक, काटेरी झुडपे पुष्कळ आणि शेतकरी अनवाणी, अशा मुलखात तो विशेष दिसतो. जालना सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असून वर लिहिलेली सर्व लक्षणे जिल्ह्यास लागू पडतात. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाची गणना दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केली. ज्यांना तो होतो ते शेतकरी, मजूर व गुराखी. त्यांच्या रोगाकडे जगाचे लक्ष जावयास कार्टर यांच्या ग्रंथानंतर जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

पूर्वी खेड्यात क्वचित दिसणारी एक गोष्ट आता घरोघर येऊ लागली आहे. ती म्हणजे मधुमेह. जुन्या मधुमेह्याच्या तळव्यांची संवेदना कमी होते. त्यास काटा मोडल्याचे कळतच नाही. संध्याकाळी घरच्या माणसास चपलेवर रक्त दिसते तेव्हा उमगते. अशा पायात रक्ताचा पुरवठा मंदावलेला असल्यामुळे जखम भरत नाही आणि पाण्यात व मातीत सर्वत्र आढळणारा स्युडोमोनास एरुजिनोसा यासारखा जंतू तेथे सहज वाढतो. गंमत अशी की, पिकांवरील बुरशी रोग आटोक्यात ठेवण्यासाठी शेतकरी बियाण्यास जो स्युडोमोनास फ्लुरोसन्स चोळतो तो याचाच सख्खा भाऊबंद आहे. बियाण्यास चोळावयाच्या पुड्यातील जंतू निरोगी माणसास अपाय करीत नाही, तेव्हा तो वापरण्याचे सोडू नये. मात्र हातास चिरा किंवा जखम असेल तर हातमोजे घालावे आणि काम झाल्यावर हात धुवावे. कांदा कुजविणारा एक जंतू बर्कहोल्डर या शास्त्रज्ञाने १९५० साली वर्णिला होता. तोच पुढे फुप्फुसाच्या रोगाने आधीच जर्जर झालेल्या रुग्णांच्या छातीत सापडला. निरोगी माणूस आयुष्यभर सडके कांदे निवडीत बसला तरी त्यास या जंतूची बाधा होत नाही.

त्याच गोत्रातील आणखी एक जंतू अधिक भयंकर आहे. त्यापासून होणाऱ्या रोगास मेलिऑइडोसिस म्हणतात. ब्रह्मदेशातील रंगून येथे व्हिटमोर व कृष्णस्वामी या डॉक्टरांनी १९११-१२ च्या सुमारास तो प्रथम ओळखला. भारतातील रुग्णाची पहिली नोंद १९९१ साली मुंबईहून प्रसिद्ध झाली, आणि आज कर्नाटकाच्या किनाऱ्याकडे तो बराच आढळतो. पावसाळ्यात चिखल-पाण्यात काम करणाऱ्या मधुमेह्यांस त्याचा विशेष धोका असतो. ताप, खोकला, वजनातील घट व शरीरात ठिकठिकाणी गळवे ही त्याची लक्षणे असून कित्येकदा तो क्षयरोग समजला जातो. जालन्याच्या बेताच्या पावसाच्या रानात त्याची भीती भातशेतीच्या मुलखापेक्षा कमी. तथापि ऊसतोडीस किंवा मजुरीस पश्चिमेकडे जाऊन आलेल्या मधुमेही माणसाचा ताप पावसाळ्यानंतर हटत नसेल, तर तो कोठे जाऊन आला आहे हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे.

क्षयाशी घोटाळा नोकार्डियाच्या बाबतीतही होतो. खळ्यावरील धुळीबरोबर हा जंतू श्वासावाटे छातीत जातो. धडधाकट माणसास त्याचे काही होत नाही. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती मंदावली आहे त्याच्या फुप्फुसात तो घर करतो, व तेथून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. थुंकीच्या तपासणीत क्षयजंतूंसाठी जो रंग वापरतात तो नोकार्डियाही थोडाबहुत धरून ठेवतो, त्यामुळे फसगत होते, आणि क्षयाचा नेहमीचा औषधोपचार त्यास पुरा पडत नाही. एचआयव्हीची बाधा झालेले, मूत्रपिंड बदललेले व कर्करोगावर औषधे घेत असलेले रोगी यांना हा धोका असतो. खेड्यात मात्र दुबळेपणाचे एक निराळेच कारण आढळते. सांधेदुखी, कंबरदुखी किंवा दमा यांवर ‘ताबडतोब उतार पडणाऱ्या’ ज्या गोळ्या व पुड्या चिठ्ठीशिवाय घेतल्या जातात, त्यांपैकी कित्येकांत स्टेरॉइड असते. दोन दिवसांत दुखणे थांबते, भूक लागते, चेहरा भरल्यासारखा दिसतो. आणि महिनोन् महिने ही गोळी चालू राहिली म्हणजे शरीराची तटबंदी आतून ढासळत जाते. अशा माणसास मातीतील कोणताही जंतू बाधू शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू झालेले स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. त्यानेही जिवास धोका होतो.

काटा मोडल्यावर

काटा दिसत असेल तर तो लगेच काढावा. त्यासाठी सुई किंवा चिमटा उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवून घ्यावा. सदऱ्याची टाचणी, बाभळीचा दुसरा काटा किंवा विळ्याचे टोक यांनी कोरू नये. काट्याने काटा काढावा ही म्हण व्यवहारात चालेल, तळव्यात चालणार नाही. काटा निघाल्यावर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने चांगली धुवावी, पोव्हिडोन आयोडीन लावावे व कोरडी पट्टी बांधावी. शेण, चुना, तंबाखू, बांधावरची माती किंवा गाडीचे वंगण यांपैकी काहीही जखमेत भरू नये. बिब्ब्याचा चटका देण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. तिने वरची कातडी भाजते व आतील जंतूस बंद खोली मिळते.

टोक आत मोडून राहिले असेल, जखम खोल असेल किंवा रोगी मधुमेही असेल तर घरी कोरत न बसता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथे धनुर्वाताच्या लसीची चौकशी होईल. धनुर्वाताचा जंतू दुबळ्या शरीराची वाट पाहत नाही, त्यास केवळ खोल जखम पुरते. गुरांच्या व घोड्यांच्या शेणातून तो मातीत येतो व त्याचे बीज वर्षानुवर्षे टिकते. २०१९ पासून सरकारी लसीकरणात पूर्वीच्या टीटी लसीच्या जागी धनुर्वात व घटसर्प यांवरील टीडी ही जोडलस दिली जाते. दहाव्या व सोळाव्या वर्षी आणि गरोदरपणी ती टोचली जाते. प्रौढ पुरुषांस शेवटची लस केव्हा टोचली हे बहुधा आठवत नाही. कार्यकर्त्याने घरभेटीत ही गोष्ट विचारून वहीत टिपून ठेवावी.

घरभेटीत पाय पाहण्याचीही सवय लावून घ्यावी. पाय दाखवण्यास माणसे लाजतात, विशेषतः वयस्कर मंडळी व स्त्रिया. ओसरीवर चारचौघांत ‘पाय दाखवा’ म्हणण्यापेक्षा आशाताईंस बरोबर घेऊन घरात विचारणे बरे. निंदणी, कापूस वेचणी व सरपण आणणे ही कामे स्त्रियाच करतात, तरी त्यांची गाठ सर्वांत शेवटी उघडकीस येते; घरातील सर्वांचे झाल्यावर मग आपले, अशी त्यांची रीत असते. ज्याच्या पायास छिद्रे पडून वाहत आहे तो गडी कामास येण्याचे टाळतो, पंगतीत दूर बसतो, आणि गावही त्यास दूर बसू देते. हा रोग एका माणसापासून दुसऱ्यास होत नाही. ही गोष्ट ग्रामसभेत एकदा मोठ्याने सांगितली गेली तर अशा माणसाचे अर्धे दुखणे हलके होईल.

निदानासाठी दाण्यांची तपासणी, गाठीचा तुकडा काढून परीक्षा आणि हाडाची क्षकिरण तपासणी लागते. या कामी जालना येथील जिल्हा रुग्णालयाचा रस्ता धरावा. जालन्यास २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय रुग्णालय, ज्यास लोक घाटी म्हणतात, तेही दूर नाही. उपचार अनेक महिने, कित्येकदा वर्षभर चालतो. दोन-तीन महिन्यांत छिद्रे मिटतात, सूज उतरते आणि रोग्यास आपण बरे झालो असे वाटून तो पेरणीच्या घाईत गोळ्या सोडतो. आत उरलेले दाणे पुन्हा वाढतात आणि दुसऱ्या वेळी तेच औषध पहिल्याइतके चालत नाही. म्हणून औषध थांबविण्याचा दिवस डॉक्टरांनी सांगावा. कार्यकर्त्याने महिन्यातून एकदा गोळ्यांचे रिकामे पाकीट पाहावे.

दवाखान्यात जाण्याच्या आदल्या रात्री वाहणाऱ्या छिद्रावर गरम पाण्यात उकळून वाळविलेल्या कापडाची पट्टी बांधून ठेवावी. सकाळपर्यंत तिच्यावर स्रावाबरोबर दाणे येऊन चिकटतात. गावी चांगुलपणाने कोणीतरी ती पट्टी धुऊन टाकतो आणि डॉक्टरांसमोर स्वच्छ पाय येतो. तसे करू नये. पट्टी न धुता झाकणाच्या कोरड्या डबीत घालून बरोबर न्यावी, आणि दाणे पांढरे होते, तांबडे होते की काळे, हे रोग्याने स्वतः पाहून ठेवावे.